परतीच्या हातात काय आहे

रशीदवर जीव लावणाऱ्या माझ्या मायबहिणींनो, भावांनो, आणि मैदानातल्या लेकरांनो,

मंडपात पाय ठेवायला जागा नाही. मागं टाकीच्या कठड्यावर पण माणसं बसलीत. रशीदनं हे बघितलं असतं तर आधी मला म्हणाला असता, "किसनभाई, कठडा कच्चा है, उतारो उनको." तेव्हा बाबांनो, तेवढं खाली उतरा. त्याच्या शब्दाला मान म्हणून उतरा.

मला बोलायला सांगितलंय. समोर त्याची ही प्लास्टिकची खुर्ची ठेवलीय. फोटो लावू नका असं त्याच्या घरच्या, आमच्या भाभी म्हणाल्या, म्हणून खुर्ची. आता खुर्चीकडं तोंड करून त्याच्याबद्दल "ते होते" असं म्हणायचं. माझ्या जिभेला ते वळण नाही. मी "तो आहे" म्हणालो तर सांभाळून घ्या.

माझं नाव किसन दाभाडे. पलीकडच्या गल्लीत राहतो. चिकलठाण्याच्या कारखान्यात मी मशीनवर होतो आणि रशीद फिटर होता. शाळेचं तोंड मी फार बघितलं नाही. वाचायला शिकलो ते कारखान्यातल्या पाट्यांवरून. मला पहिल्यांदा वाचता आलेला शब्द होता, "सावधान". आज तो शब्द सकाळपासून डोळ्यांपुढं आहे. का, ते सांगतो.

येताना मी बाहेर गाड्या बघितल्या. रशीदकडं या मैदानात कराटे शिकलेल्या पोरांच्या गाड्या. सगळ्या तोंड रस्त्याकडं करून लावलेल्या. शोकसभेला येणारा माणूस गाडी कशी लावतो? जागा मिळंल तशी लावतो. तोंड रस्त्याकडं करून कोण लावतो? ज्याला उठल्या उठल्या कुठंतरी जायचंय, तो.

कुठं जायचंय ते मला माहीत आहे. तुम्हालाही माहीत आहे. गणेशच्या घरी जायचंय.

आकाश, तू मागं खांबाला टेकून उभा आहेस. हाताची घडी घातलीस. बस म्हटलं तर तू बसणार नाहीस, मी तुला पाळण्यापासून ओळखतो. उभा राहा. पण माझं होईपर्यंत किल्ली खिशात ठेव. ती बोटात फिरवतोस, तिचा आवाज इथवर येतोय.

बाहेरगावाहून आलेल्यांना सगळं ठाऊक नसंल, म्हणून थोडक्यात सांगतो. आमचा रशीद, सगळ्यांचा उस्ताद, परवा सकाळी इथल्याच टाकीमागच्या बोळात पडला. डोक्याला दगडी पायरी लागली. दवाखान्यात नेईपर्यंत श्वास होता, नंतर नव्हता. त्या वेळी त्याच्यासमोर एकच माणूस होता. गणेश. लोडिंग रिक्षा चालवतो, कांद्याच्या, भुसाराच्या गोण्या वाहतो, बायको आणि दोन लेकरं आहेत. आदल्या दिवशी संध्याकाळी त्याचं आणि उस्तादचं चार लोकांत भांडण झालं होतं. आणि बोळातल्या किराणा दुकानाच्या कॅमेऱ्यात जे दिसलं, ते आता तुमच्या सगळ्यांच्या मोबाईलमध्ये आहे.

काय दिसतं त्यात? उस्ताद मूठ उगारतो. गणेशला मारतो. दोघांची झटापट होते, दोघं गरकन फिरतात. मग गणेशचा पंजा उस्तादच्या छातीवर. आणि उस्ताद पडतो.

आवाज नाही. नुसतं चित्र. चित्र बघून सगळ्या गल्लीनं निकाल लावला, की ढकललं.

काल टपरीवर आकाशनं मोबाईल माझ्या नाकापुढं धरला.

"बघा बाबा. छातीवर हात दिला का नाय त्यानं?"

"दिला."

"मंग?"

"परत लाव."

"कितीदा बघनार? तेच दिसनार."

"तुला तेच दिसंल. मला परत लाव."

तो म्हणाला, "बाबा, चष्मा बदला आता." माझ्या तोंडावर म्हणाला. मी रागावलो नाही. त्याचा बाप लहानपणीच गेला, ज्यानं बापासारखं वाढवलं तो पण गेला, पोरगं काय पण बोलंल. पण मला जे दिसलं ते त्या टपरीवर सांगायचं नव्हतं. ते इथं, याच मैदानात, या खुर्चीसमोर सांगायचं होतं. म्हणून थांबलो.

मला काय दिसलं ते कळायला तुम्हाला आमचा एक हात कळावा लागंल. हात म्हणजे हा नव्हे, खांद्याला लटकलेला. तालमीत, लाठीत, कराट्यात जो डाव घोटतात, त्याला आम्ही हात म्हणतो. आणि मी काही मोठं सांगत नाही, पण रशीद उस्तादला आयुष्यात एकच हात येत होता. एकच. हसा, हसायला हरकत नाही. तो स्वतः हसायचा.

झालं असं होतं. आम्ही जवान होतो तेव्हा कारखान्यात एक साहेब आले, लांबच्या मुलखातले, जपानचे. जेवणाच्या सुट्टीत कॅन्टीनमागं एकटेच कराटे करायचे. आम्ही दोघं डबा हातात धरून बघत उभे राहायचो. एक दिवस त्यांनी बोलावलं. पहिला हात शिकवला. तो पक्का होईपर्यंत दुसरा मिळणार नाही म्हणाले. आम्ही घोटत बसलो, आणि साहेबांची बदली झाली. पहिलीचं पुस्तक मिळालं आणि शाळाच उठून गेली, तसं झालं आमचं.

तो हात दाखवतो. माईक धर गं पोरी जरा. गुडघे वाजतील, तिकडं लक्ष देऊ नका.

असं. उजवी मूठ पुढं जाते. आणि त्याच वेळी पुढं असलेली डावी मूठ मागं येते, कमरेला चिकटते. झालं. एवढंच. एक हात जातो, एक हात परत येतो.

मी रशीदला म्हणालो, "चल, शहरात क्लास आहे, तिथं नाव घालू. तिथं लई हात शिकवतात." तो म्हणाला, "किसनभाई, पैले येच खोल के देखेंगे." फिटर माणूस. त्याच्यापुढं कुठलीही वस्तू ठेवा, तो आधी खोलणार. आणि त्याचं एक पक्कं होतं, की मशीनमध्ये कुठलाच पुर्जा शोभेसाठी बसवलेला नसतो. पुढं जाणारा हात मारतो, ते त्याला कळलं. पण मागं येणारा कशाला येतो? नुसता दिसायला? त्याला झोप लागंना. हा मागचा हात रिकामा का येतो, म्हणून मशीनला तेल घालता घालता मला विचारायचा, "ये पिछे वाला हात खाली कायकू आता?"

मी म्हणायचो, "अरे बाबा, कमरेला खाज सुटत असंल त्या जपानी माणसाच्या."

"मजाक नक्को करो. कुछ तो लेके आता हुईंगा."

मग एक दिवस कॅन्टीनमध्ये एकानं मस्करीत त्याचं मनगट धरलं. आमच्यातलाच, जाडजूड माणूस. "चल रे कराटे, सोडव," म्हणाला. रशीदनं काही विचार केला नाही. मनगट उलटं फिरवून त्याचीच बाही धरली आणि मूठ कमरेला आणली. बस. तो जाडा भेलकांडत पुढं आला, तोल जाऊ नये म्हणून त्यानं पंजा रशीदच्या छातीवर टेकवला, आणि रशीदची उजवी मूठ आधीच त्याच्या हनुवटीखाली तयार. सगळं कॅन्टीन हसलं. रशीद हसला नाही. तो आपल्या डाव्या मुठीकडं बघत राहिला. मुठीत बाही होती.

"किसनभाई," तो म्हणाला, "खाली नई आता ये. पकड के लाता."

हे लक्षात ठेवा, माणसांनो. पंजा छातीवर टेकवला. हे मी पुन्हा विचारणार आहे.

त्या दिवसापासून आम्ही त्याला परतीचा हात म्हणायला लागलो. आणि रशीदनं तो हात खोलायला घेतला, तो परवापर्यंत खोलतच होता. कमरेबरोबर पाय फिरवला तर तोच हात समोरच्याला पाडतो. कोपर उचललं तर तोच हात मागून धरणाऱ्याला लागतो. मनगटाजवळ आडवा धरला तर तोच हात वार अडवतो. चाल एक, कामं निराळी. मैदानात मुलींना शिकवायचा तेव्हा म्हणायचा, कुणी पर्सला हात घातला तर ओरडा आणि परतीचा हात. नव्या पोरांना पहिल्या दिवशी एकच प्रश्न. "बता बेटा, परतीच्या हातात काय आहे?" पोरं म्हणायची, काही नाही सर. "मंग जा, पुन्हा कर."

भाभींना पण त्यानं हा प्रश्न विचारल्याशिवाय सोडलं नव्हतं. भाभी चुलीपुढून म्हणायच्या, "तुम्हारे परतीके हात में कोथमीर होना, बस. रोज भूल के आते."

पण मारामारीचं काय घेऊन बसलात. मला आठवतो तो वेगळाच दिवस.

कारखान्यात आमच्यातल्या एकाचा गळ्यातला रुमाल पट्ट्यात गेला. चालत्या पट्ट्यात. क्षणात मान खाली ओढली गेली. आम्ही सगळे ओरडलो. माणूस ओरडतो, कारण ओरडायला विचार लागत नाही. रशीद ओरडला नाही. त्याची उजवी मूठ पुढं गेली आणि लाल बटणावर बसली. डावी मूठ त्या माणसाच्या कॉलरसकट कमरेला आली. तोच हात, बाबांनो. दिवसरात्र घोटलेला तोच हात. समोर दुश्मन नव्हता. समोर मशीन होतं.

संध्याकाळी घरी जाताना मला म्हणाला, "किसनभाई, मैंने सोच के नई किया. हात ने किया."

आणि एक सांगतो, मग मुद्द्यावर येतो. माझी बायको शेवटी अंथरुणाला खिळली होती. एक अंग गेलं होतं. मला तिला उठवून बसवता येईना. ओढलं की तिला दुखायचं, मला रडू यायचं. रशीद आला. तिला म्हणाला, "वहिनी, माफ करना." एक पंजा तिच्या पाठीमागं पुढं सारला आणि दुसऱ्या हातानं तिचा हात धरून आपल्या कमरेकडं आणला. ती अशी उठून बसली, जशी कुणी हाक मारल्यावर बसते. मी विचारलं,

"हा पण तोच का रे?"

"और कौनसा आता मेरे को?"

ती गेली तोवर मी तिला रोज त्याच हातानं उठवलं.

आता परवाचं.

आदल्या संध्याकाळी गणेश गाडी मैदानात लावतो म्हणून उस्ताद आणि त्याचं वाजलं, हे खरं आहे. मी तिथं होतो. गणेशनं टोमणा मारला, तेही खरं आहे. "उस्ताद, जिंदगीभर एकच हात घोटला तुमी. गाडी हलवायला दुसरा शिकून या." पोरं ऐकत होती. उस्तादचा चेहरा लाल झाला. तो म्हणाला, "तेरे वास्ते येच बस है." तुझ्यासाठी हाच पुरे आहे. ही धमकी सगळ्यांनी ऐकली आणि आज सगळे तीच सांगतायत.

सकाळी उस्ताद बोळात कशाला गेला? समजूत काढायला गेला का भांडण पुरं करायला? मला माहीत नाही. माहीत असल्याचं सोंग मी या खुर्चीसमोर करणार नाही. तो साधू नव्हता. त्याला राग यायचा. चित्रात त्यानं मूठ उगारलेली आहे, ती मी लपवत नाही. असंल, भांडायलाच गेला असंल.

पण आता ते चित्र माझ्याबरोबर बघा. मोबाईल काढू नका. डोळ्यांपुढं आणा.

गणेशची पाठ बोळाच्या तोंडाकडं. चित्राच्या त्या बाजूला काय आहे? काही दिसत नाही, कारण कॅमेऱ्यापुढं वाढदिवसाचं बॅनर लटकतंय. अर्धा बोळ त्या हसऱ्या चेहऱ्यामागं गेलाय. मी काल तिथं जाऊन उभा राहिलो. सकाळच्या त्या वेळी त्या बोळात काय येतं? इथं राहणाऱ्या बायांनो, तुम्ही टाकीच्या पुढच्या बाजूला हंडे घेऊन उभ्या असता, तुम्ही सांगा.

टँकर. पाण्याचा टँकर येतो, आणि उलटा येतो, कारण बोळात वळायला जागा नाही.

मी टँकरवाल्याला गाठलं. तो म्हणाला, "बाबा, रोजच्यासारखी रिव्हर्स घेतली. मागं कुनी व्हतं व्हय?" मी सांगितलं तेव्हा तो वाकून गाडीचं मागचं चाक बघायला लागला. त्यानं काही बघितलं नाही, तो उतरून मागं येईपर्यंत गणेश उस्तादला घेऊन गेला होता. इंजिनच्या आवाजात ऐकलं नाही. नळी गळत होती, खाली चिखल झाला होता, तेवढंच त्याला माहीत.

त्या चिखलात चाकोरी आहे. अजून आहे, जाऊन बघा. गणेश चित्रात बॅनरच्या कडेला जिथं उभा दिसतो, तिथपर्यंत ती आलीय. आणि त्या चाकोरीत एक चप्पल रुतलीय. पापडासारखी चपटी झालेली.

दवाखान्याच्या दारात गणेश उभा होता तेव्हा त्याच्या एका पायात चप्पल होती. एकाच. आठवतंय कुणाला? मला आठवतंय. उस्तादला त्यानंच उचललं होतं, स्वतःच्या गाडीत घालून आणलं होतं. डाव्या... नाही, त्याच्या उजव्या बाहीची शिवण खांद्यापासून उसवली होती. पोरं त्याच्या अंगावर धावली तेव्हा तो एकच वाक्य बोलत होता. "त्यांनी मला ओढलं. त्यांनी मला ओढलं." तुम्ही म्हणालात, बघा, स्वतःच्या तोंडानं सांगतोय, मारामारी झाली.

ओढलं. केवढासा शब्द. आपण ऐकला तो भांडणातला ओढलं. त्यानं सांगितला तो टँकरखालून काढलेला ओढलं.

पण मग छातीवरचा पंजा? आकाश, तुझ्या डोळ्यांत तोच प्रश्न आहे.

आता मी तुम्हा सगळ्यांना विचारतो. मैदानात शिकलेल्या प्रत्येकाला विचारतो. उस्तादनं तुम्हाला परतीच्या हातानं ओढलं तेव्हा तुमचा मोकळा पंजा कुठं गेला? आठवा. लाजू नका. ज्याचा पंजा कधीच उस्तादच्या छातीवर पडला नाही, त्यानं हात वर करावा.

एक पण हात वर नाही.

आकाश, तुझा पण नाही. तू पहिल्यांदा आलास तेव्हा तर दोन्ही पंजे टेकवले होतेस, आणि उस्ताद तुला म्हणाला होता, "बेटा, गले मिलना है तो ईद को आ." सगळं मैदान हसलं होतं. ओढला गेलेला माणूस पंजा टेकवतोच. त्या जाड्यानं कॅन्टीनमध्ये टेकवला, तुम्ही इथं टेकवला, गणेशनं बोळात टेकवला. त्याला ढकलणं म्हणायचं असंल तर या मंडपातल्या प्रत्येकानं रशीद उस्तादला ढकललंय.

त्यानं हात मारायला उगारला असंल. गणेशच्या खांद्यामागून टँकर आलेला बघितला असंल. आणि तोच उगारलेला हात मध्येच वळला असंल. उजवी मूठ खांद्यावर बसली आणि गणेश फिरला. डावी मूठ बाहीसकट कमरेला आली. गणेश भिंतीकडं आला. रशीद फिरून चाकाच्या बाजूला गेला, चिखलात पाय घसरला. पायरी मागंच होती.

तेरे वास्ते येच बस है, म्हणाला होता. पुरला तो हात.

आकाश काल म्हणाला, "बाबा, तुम्ही तिथं नव्हता." खरं आहे. नव्हतो. पण बाळा, तो हात कधी कसा चालतो हे बघण्यात माझी हयात गेलीय. आणि अजून एक गोष्ट आहे, जी मोबाईलमध्ये नाही.

दवाखान्यात त्याची डावी मूठ उघडत नव्हती. नर्सताई म्हणाल्या, बाबा, तुम्ही जवळचे आहात, तुम्ही उघडा. मी एक एक बोट सोडवलं. आत गणेशच्या बाहीच्या टोकाची चिंधी होती, तिला बटण लागलेलं. पोरं म्हणाली, पुरावा. पोलिसांनी ते नेलं, त्यांचं काम ते करतील. टँकरचं, चाकोरीचं, चपलेचं मी आज सकाळी ठाण्यात जाऊन सांगून आलोय.

पण पोलिस यायच्या आधी भाभी आल्या. कुणी काही सांगायच्या आत त्यांनी माझ्याकडं बघितलं. रडल्या नाहीत. मला विचारलं, "किसनभाई, हात में क्या था?"

मी म्हणालो, "बटन, भाभी. गणेश का."

"वो लडका?"

"जिंदा है. बाहर खडा है."

त्यांनी ओढणी डोक्यावर नीट केली. म्हणाल्या, "तो फिर खाली नई आए."

भाभी मैदानापलीकडच्या खोलीत बसल्यात, माझा आवाज त्यांना जातोय. त्यांचे शब्द मी आहेत तसे सांगितले. चुकलो असेन तर त्यांनी मला टोकावं.

टोकत नाहीत.

आता संपवतो. रशीद मला रोज सकाळी "जय भीम, किसनभाई" म्हणायचा, आणि मी त्याला "सलाम, रशीद" म्हणायचो. कधी ठरवलं नव्हतं, तसं पडत गेलं. आज त्याच्या वाटचं पण मलाच म्हणायचंय. जय भीम. सलाम, रशीद.

आता आपण सगळे त्याच्यासाठी शांत उभे राहू. फक्त मी घड्याळ लावणार नाही. सांगतो किती वेळ उभं राहायचं ते.

बाहेर कमानीपाशी, नळाजवळ गणेश उभा आहे. घरचे त्याला गावाकडं निघून जा म्हणत होते. मी त्याला इथं ये म्हणालो. तो आलाय. आत यायचा धीर होत नाही त्याला, आणि तुमच्या गाड्यांची तोंडं बघून माझा पण झाला नसता.

आकाश, खांब सोड. किल्ली इथं खुर्चीवर ठेव, उस्तादच्या खुर्चीवर. हां, ठेव. आता कमानीपर्यंत जा. तुझ्या हातात राग आहे, मला दिसतोय. असू दे. उस्तादच्या पण होता. हात जाताना कसा जातो ते कुणी विचारणार नाही.

माणसांनो, उठा. डावी मूठ कमरेला लावा. म्हाताऱ्यांनी पण लावा, बायांनी पण लावा. आकाश परत येईपर्यंत कुणी बोलायचं नाही. कितीही वेळ लागला तरी बोलायचं नाही.

जा, बेटा. आणि परत येताना हात रिकामा आणू नको.